टिंबालीचा तिसरा सेट

कप्तान फोनवर एवढंच म्हणाला, "स्वतःचा सेट घेऊन ये, जागा तुझी."

कप्तान म्हणजे आमच्या बँडचा म्होरक्या. ट्रम्पेट वाजवतो, आणि ट्रम्पेट तोंडाला नसेल तेव्हा हुकूम सोडतो, म्हणून कप्तान. शुक्रवारी आणि शनिवारी बँड एका नाचाच्या हॉलमध्ये वाजवतो. माझा नवरा त्यात बेस गिटारवर आहे. मीही होते, टिंबालीवर. म्हणजे एका उंच स्टँडवर शेजारी शेजारी बसवलेले दोन उथळ, पत्र्याचे, खालून उघडे ड्रम. उभं राहून बारीक काठ्यांनी वाजवायचे, वरच्या ताणलेल्या पानावर, त्याच्या कडीवर, आणि बाहेरच्या पत्र्यावरसुद्धा. पोट पुढे यायला लागलं तशी मी दर पंधरवड्याला दोन बोटं मागे सरकत गेले. सातव्या महिन्यात हातच पुरेनात, तेव्हा थांबले.

तो सेट उसना होता, ज्याचा त्याने परत नेला. माझ्या जागी आलेल्या माणसाचा स्वतःचा होता. तो दुसऱ्या गावी गेला, सेटही गेला. आणि आता कप्तानाचा फोन. आमची मुलगी ठकी दहा महिन्यांची झाली होती. मी फोन ठेवला, तिला उचललं आणि स्वयंपाकघरात गोल गोल फिरले. ती हसली, मग माझ्या खांद्यावर ओकली. आमचा आनंद त्या दिवसांत साधारण असाच असायचा.

बाळंतपणाआधी शिकवण्या घ्यायचे, त्यातले थोडे पैसे मी हात न लावता ठेवले होते. ते एका सेटाला पुरणारे होते, चुकीच्या सेटनंतर दुसरा घेण्याइतके नव्हते. म्हणून ठकीला पाजताना मी मनातल्या मनात सेटच लावत बसायची. नवा स्वस्त घ्यावा तर पत्रा पातळ, स्टँड लेचापेचा, आणि सहा महिन्यांत स्क्रूचे आटे झिजणार. पितळी घ्यावा तर आवाज गोड, पण किंमत आवाक्याबाहेर. तेरा-चौदा इंची धाकटी जोडी घ्यावी तर उचलायला सोपी, पण मागे दोन ट्रम्पेट आणि एक ट्रॉम्बोन केकाटत असताना तिचं कोण ऐकणार? घरात छान वाजणारं वाद्य स्टेजवर मुकं होऊ शकतं. मला हॉलच्या शेवटच्या टेबलापर्यंत पोचणारा सेट हवा होता, मग तो जुना चालेल, डाग चालतील.

"तू झोपेत माझ्या दंडावर वाजवतेस," नवरा म्हणाला.

"बरोबर वाजवते ना?"

"दुसऱ्या मात्रेला चिमटा बसतो."

आमच्या बँडमध्ये वाद्य विकत घ्यायची एक रीत आहे. ज्याला घ्यायचंय त्याने ते वाजवायचं नाही. दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि आपण खोलीच्या पार टोकाला, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. वाजवणाऱ्याच्या कानाशी वाद्य खोटं बोलतं, असं सगळे मानतात. कप्तानाने त्याचं ट्रम्पेट असंच घेतलं, नवऱ्याने बेस असाच घेतला. मला तर ही रीत फार पटायची. इतर कोणापेक्षा माझा कान तयार आहे असा माझा तोरा होता, आणि तो खोटा नव्हता. पण त्या तोऱ्यापाशीच माझं घोडं अडलं.

कप्तान म्हणाला, दुकानदार ओळखीचा आहे, मी येतो, भाव पाडून देतो. नवऱ्याने वाजवायचं ठरलं. ठकीला सांभाळायला नणंद सोबत येणार होती.

नणंद माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. मी पोट घेऊन घरी पडून होते तेव्हा कामावरून सरळ माझ्याकडे यायची. डॉक्टरांनी मला उठू नको म्हणून सांगितलं होतं, मग मी पलंगावरून ठेके बोलायची आणि ती बिस्किटांच्या दोन रिकाम्या डब्यांवर वाजवायची. आधी गंमत म्हणून. मग तिने काठ्या विकत आणल्या. मला वाजवता येत नव्हतं त्या तीन महिन्यांत माझं वाजवणं तिच्या हातात उतरत होतं, आणि मी तिच्या मनगटावर फटके मारून ते नीट उतरवून घेत होते. तिच्यावर माझा जीव होता. आजही आहे, म्हणून तर लिहायला इतकं जड जातंय.

दुकानाची खोली लांबट होती. आत शिरल्यावर उजव्या हाताला गिटारी टांगलेल्या, मध्ये कीबोर्डांची रांग, आणि मागच्या टोकाला झाकून ठेवलेल्या ड्रमांचा ढीग. दुकानदाराचा चष्मा कपाळावर होता आणि तो त्याला टेबलावर शोधत होता. कप्तान अजून आला नव्हता. दुकानदाराने टिंबालीचे तीन सेट दाराजवळ मांडून दिले.

पहिला नवा, सोनेरी मुलाम्याचा, वर दोन घंटा फुकट. दुसरा धाकटा, तेरा-चौदा इंची. तिसरा जुना, पोलादी, चौदा-पंधरा, पत्र्यावर दोन पोचे आणि स्टँड दुसऱ्याच कुठल्यातरी सेटाचं.

"तिसऱ्याकडे बघू नका," दुकानदार म्हणाला. "तो मी आपला गर्दी दिसावी म्हणून ठेवलाय."

मी ठकीला नणंदेकडे दिलं. ठकीने तोंड उघडलं आणि जे रडं काढलं! खालचे दोन दात येत होते, चार दिवसांपासून ती मला चिकटून होती. नणंदेने खुळखुळा केला, बडबडगीत म्हटलं, मांजरासारखं ओरडून दाखवलं. दुकानदाराने एक छोटं डफ पुढे केलं, ते ठकीने भिरकावलं.

"दे इकडे," मी म्हणाले, आणि घेतलं कडेवर. ती गप्प झाली. जाऊन मागच्या भिंतीपाशी उभी राहिले.

नवऱ्याने पहिल्या सेटावर काठी मारली. दारावर थाप मारून कोणी घरात आहे का विचारावं तसं तो वाजवत होता.

"अरे, जरा मोकळं मार!"

"मोकळंच मारतोय."

"दादा, तू कुरिअरवाला वाटतोयस," नणंद म्हणाली.

"मग तू ये. दोन डबे वाजवलेस म्हणून फार शहाणी झालीस."

तिने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. मला ऐकायची घाई झाली होती, नवऱ्याच्या हातून एकाही सेटाचं खरं रूप कळलं नसतं. तिने काठ्या घेतल्या. नवरा बाजूला झाला आणि खिशात हात घालून कीबोर्डला टेकून उभा राहिला.

पहिला सेट तिच्याजवळ झगझगीत वाजत असावा, कारण ती खूश दिसत होती. माझ्यापर्यंत येताना मधल्या कीबोर्डांपाशीच त्याचा आवाज मरत होता. "नको," मी ओरडले. धाकटा सेट माझ्यापर्यंत पोचला, पण पातळ, टणटण करत. ट्रॉम्बोनच्या एका फुंकरीत वाहून गेला असता. "तोही नको. तिसरा."

"वहिनी, हा भद्द वाजतोय."

"पान ढिलं आहे त्याचं. किल्ली घे. लहान ड्रमचा एक स्क्रू अर्धा आटा, मग त्याच्या बरोब्बर समोरचा. शेजारचा नाही, समोरचा! हां. आता तसंच सगळे."

ती वाकून पिळत गेली. मी भिंतीपासून सांगत गेले. ठकी माझा कान ओढत होती. दुकानदार चष्मा सापडल्यावर तो लावून आमच्याकडे बघायला लागला.

"आता कडी आणि पान एका फटक्यात."

तिने मारलं. आणि तो आवाज दुकानाच्या या टोकापर्यंत असा सरळ आला की टांगलेल्या गिटारींच्या तारा झणझणल्या. ठकी दचकली, तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं, मग हळूच डोकं वर काढून बघितलं.

"पत्र्यावर ठेका धर," मी म्हणाले. "मी शिकवलेला. उजव्या हाताने. डावा मोठ्या ड्रमवर, हलका."

ती वाजवायला लागली. पोच्यांजवळ पत्रा किंचित दबका बोलत होता, आणि तो दबकेपणाच ठेक्याला सुंदर बसत होता. मी ठकीला घेऊन पाय आपटत होते. मोठ्याने सांगत होते, "आता चढव! आता थांब! आता ये!" आणि मी सांगेन तशी ती येत होती. दहा महिन्यांत मला इतकं सुख झालं नव्हतं. आपला सेट सापडला, आपल्या पैशांत सापडला, आणि कोणाला न दिसलेला आपल्याला दिसला.

ती थांबली तेव्हा दारातून टाळ्या आल्या. कप्तान आला होता. कधीपासून उभा होता कोण जाणे.

"हाच," तो म्हणाला.

"हाच," मी म्हणाले.

त्याने घासाघीस केली. दुकानदार म्हणाला, गर्दी दिसण्यासाठी ठेवलेल्या सेटालाही भाव असतो. कप्तान म्हणाला, ते स्टँड अनाथ आहे, त्याचे पैसे कसले लावतोस. शेवटी जमलं. मी पाकीट पुढे केलं, दुकानदाराने पैसे दोनदा मोजून मला नवीन काठ्यांची एक जोडी वर दिली. मी ती पर्समध्ये, दुपट्यांच्या खाली ठेवली.

बाहेर रस्त्यावर नवरा गाडीत स्टँड घालत होता. कप्तान नणंदेला म्हणाला, "शुक्रवारी तुला कामावरून किती वाजता सुटका?"

"सहाला. का?"

"सात वाजता हॉलवर ये. काळे कपडे, बुटांची टाच नको."

तिला कळलंच नाही. मला लगेच कळलं.

"कप्तान, सेट मी घेतलाय," मी म्हणाले.

"घेतलास ना, आणि काय घेतलास! असा कान बँडमध्ये कोणाचा नाही. मी सगळ्यांना सांगणार आहे." त्याने ठकीच्या गालाला बोट लावलं. "पण हे बघ, मी आत आलो तेव्हा बघितलं ना. ही तुला क्षणभर सोडत नाही. चार तास स्टेजवर कशी उभी राहणार तू? आणखी वर्षभर थांब. तोवर तुझी नणंद वाजवेल, तू तिला बसव. घरातल्या घरातच राहतंय की सगळं."

"तुम्ही मला वाजवताना कुठे ऐकलंत आज?"

"अगं, तुझं काय ऐकायचं? तुझं माहीतच आहे."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो गाडीचं मागचं दार लावत होता, ते दोनदा लावलं.

"तात्पुरतंच आहे गं," तो म्हणाला.

घरी येताना नणंद मागच्या सीटवर ड्रमांना हाताने धरून बसली होती, वळणावर त्यांना लागू नये म्हणून. मी पुढे ठकीला घेऊन बसले होते. ती झोपली होती, तोंड उघडं, हिरडीवर तांदळाच्या कणीएवढा दात. आणि तेव्हा मला दुकानातली खोली पुन्हा दिसली. कीबोर्डला टेकलेला नवरा. त्याचे हात. नणंद वाजवत होती, मी मूल घेऊन ऐकत होते, आणि तो अख्खा वेळ खिशात हात घालून उभा होता. ठकी त्याची मुलगी आहे. रडली असती, तर रडली असती त्याच्या कडेवर. काठ्या मी घेतल्या असत्या, भिंतीपाशी तो उभा राहिला असता, आणि दारातून आलेल्या माणसाला मी दिसले असते.

हे त्याला सुचलं नाही, त्याचा राग मी धरला. पण खरी मेख अशी की मलाही सुचलं नव्हतं. "दे इकडे" मीच म्हणाले होते.

गुरुवारी संध्याकाळी नणंद आली. काळा शर्ट पिशवीत होता, तो तिने बाहेर काढला नाही. सेट आमच्या खोलीत पलंग आणि ठकीचा पाळणा यांच्यामध्ये उभा होता. तेवढीच जागा होती.

"वहिनी, तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार."

"तुला जायचंय?"

तिने पिशवी पायाशी ठेवली. "हो," म्हणाली.

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. मी तिला जवळ घेतलं असतं, जा म्हणाले असते, आणि पुढे आयुष्यभर आपल्या मोठ्या मनाची गोष्ट सांगत बसले असते.

"मग जा," मी म्हणाले. "पण हा सेट इथून हलणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा आहे तो. कप्तानाने म्हटलं होतं, स्वतःचा सेट घेऊन ये, जागा तुझी. तोच नियम तुला. आण स्वतःचा."

"एका दिवसात कुठून आणू? माझा पगार तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मी तुझ्याकडूनच शिकले ना गं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तूच बोलावलंस मला त्या दुकानात. मी काय मागून घेतलं का?"

तिचं खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता. मी ठकीचे लंगोट घडी करत राहिले. ती गेली. काळ्या शर्टाची पिशवी विसरून गेली आणि न्यायला आली नाही. नवऱ्याने नेऊन दिली.

नवरा मला म्हणाला, "तुला मिळत नाही म्हणून तिलाही नाही, हे काय वागणं झालं?"

"हे माझं वागणं झालं."

"उद्या कप्तानाला मी काय सांगू?"

"सांग की सेट अजून लहान आहे, आईला सोडत नाही."

तो हसला नाही. मीही हसवायला म्हटलं नव्हतं. शुक्रवारी बँडने टिंबालीशिवाय वाजवलं, शनिवारीही. पुढच्या आठवड्यात कप्तानाने एक माणूस आणला, स्वतःच्या सेटासकट. नवरा म्हणतो, ठेका धावतो त्याचा. पण चार तास उभा राहतो.

नणंद आता आमच्याकडे येत नाही. ठकीला ती फोनवर मांजरासारखी ओरडून दाखवते, दादाच्या फोनवर. फोन माझ्या हातात आला की कामाची घाई असते.

सेट आहे तिथेच आहे. ठकीला झोपवायचं तर पाळण्यापर्यंत अंग चोरून जावं लागतं. सकाळी खालच्या आणि वरच्या मजल्यावरचे कामावर गेले की मी पानांवर दुपटं अंथरते आणि हात चालू ठेवते. ठकी जमिनीवर बसून बघते. मध्येच रांगत येते आणि माझ्या पायाला धरून उभी राहते, मग मी एका जागी उभी राहून वाजवते, तिचा तोल जाऊ नये म्हणून.

परवा अशीच ती माझ्या पायाला धरून उभी असताना मी एका दुसऱ्या बँडला फोन लावला. नंबर मीच शोधून काढला होता. तिकडचा माणूस चांगला बोलला. कुठे वाजवायचे, किती वर्षं, सेट कोणता, सगळं विचारलं. पोलादी, चौदा-पंधरा म्हटल्यावर खूश झाला. म्हणाला, मंगळवारी या, ऐकू. मग म्हणाला, "उशीर होतो आमच्यात, कधी कधी बाहेरगावी राहावं लागतं. घरी लहान मूल वगैरे?"

"नाही," मी म्हणाले.

ठकीने तेवढ्यात हाक मारली. तिला हल्ली एकच शब्द येतो, आणि तो माझ्यासाठी आहे.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

"शेजाऱ्यांची," मी म्हणाले. "थोड्या वेळासाठी ठेवली आहे."

त्याने वेळ सांगितली, पत्ता सांगितला. मी लिहून घेतला. ठकी वर बघत होती, दोन्ही हात माझ्या गुडघ्याला घट्ट, नवे दोन दात दाखवत. फोन ठेवल्यावर मी तिला उचललं आणि इतकं आवळून धरलं की ती रडायला लागली. मग कितीतरी वेळ मी तिला सांगत राहिले, माझी आहेस, माझी आहेस. तिला पटलं असावं. ती झोपली. तिला पाळण्यात ठेवून मी मंगळवारी ती कोणाकडे राहील याचा विचार करायला लागले, आणि नणंदेशिवाय एकही नाव सुचेना.